जोडीचा हात

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तुमच्या सदरातले अनुभव मी लॅबमध्ये डबा खाताना वाचते आणि मैत्रिणीला वाचून दाखवून हसते. शहापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी — जे असेल ते काचेखाली दिसतं, आणि जे दिसत नाही ते नसतं. माझा स्वभावही तसाच आहे. सासरी मला ‘पुराव्याची बाई’ म्हणतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

तर आता पुराव्याच्या बाईचं ऐका.

माझं माहेर टोकावड्याजवळ. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या एस.टी.ने टोकावड्याला उतरायचं, ढाब्याच्या बाजूने आत शिरायचं, ओढा ओलांडला की आमचं घर. पुढचा भाग स्लॅबचा, मागची खोली अजून कौलारू. घरात बाबा, धाकटा भाऊ महेश, आणि गेल्या वर्षीच्या मे महिन्यात लग्न होऊन आलेली त्याची बायको प्रतीक्षा. बाबांची बहीण, म्हणजे आमची आत्या, शेजारच्याच घरात राहते — पण ती झोपायला तेवढी तिकडे असते. आई नाही. जी गोष्ट सांगतेय ती गेल्या दिवाळीतली, तेव्हा आईला जाऊन तीन वर्षं होत आली होती.

मला स्क्रॅपबुक बनवायचा नाद आहे. जाड कागद कापायचे, रंगवायचे, भोकं पाडून सुतळीत ओवायचे, फोटो कोपऱ्यात अडकवायचे... आमच्या लॅबमधल्या निम्म्या पोरींच्या साखरपुड्याचे अल्बम माझ्या हातचे आहेत. आणि स्वतःच्या माहेरचा मात्र एकही नाही — लोहाराच्या घरी विळी बोथट! म्हणून ठरवलं, त्या दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांचा अल्बम करायचा. मोबाइलमध्ये हजारो फोटो पडून असतात, कोणी ढुंकून बघत नाही. प्रत्येकाला एक पान द्यायचं. डावीकडे त्याचे फोटो आणि उजवीकडे त्याच्या हाताचा पिठाचा ठसा.

पिठाचा ठसा कशाला, ते सांगते. आमच्या घरात पाडव्याला कणगीवर हात उठवतात. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची मोठी विणलेली कोठी, शेणाने सारवलेली. नवीन भात आत पडायच्या आधी ती पुन्हा सारवायची, आणि पाडव्याला घरच्या बाईने तांदळाच्या पिठाच्या पाण्यात हात बुडवून त्यावर ठसा द्यायचा. घरात नवी सून आली असेल तर तिच्या पहिल्या दिवाळीला आधी सासू हात उठवते, आणि त्याला लागून सून. त्याला आमच्याकडे ‘जोड देणं’ म्हणतात. नव्या सुनेचा पहिला हात एकटा ठेवत नाहीत.

आता खरी अडचण. आईचा धड फोटोच नाही. सगळ्या फोटोंत आई म्हणजे एक कोपर, एक पदर, चुलीकडे वळलेली पाठ. कॅमेरा दिसला की म्हणायची, ‘माझा कशाला काढतंस गो, पोरांचा काढ.’ भिंतीवर हार घातलेला आहे तो आधार कार्डाचा मोठा करून घेतलेला. त्यात ती कुणाची तरी वेगळीच बाई वाटते. बाबा त्या फोटोकडे बघतसुद्धा नाहीत.

बाबा बघायचे ते कणगीकडे. आईने शेवटच्या पाडव्याला उठवलेला हात तिच्यावर तसाच होता. आईचा हात लाखात ओळखू यायचा, कारण भात कापताना विळा लागून तिची करंगळी आत वळली होती, ती सरळ व्हायचीच नाही. त्यामुळे ठशात चार बोटं आणि तळव्याजवळ एक टिंब. आई गेल्यावर बाबांनी कणगी सारवू दिली नाही. त्यात भातही भरलं नाही. तीन वर्षं भात गोण्यांमध्ये, उंदरांच्या स्वाधीन. महेश कुरकुरायचा, पण बाबांपुढे कोण बोलणार? मी ठरवलं होतं, बटर पेपर लावून तो ठसा उतरवून घ्यायचा. आईच्या पानावर फोटो नसला तरी चालेल, हात असेल.

अल्बमची पानं मी शहापूरला घरीच तयार केली. जाड कागदावर गेरू आणि थोडा डिंक, दोन हात मारून, वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. धनत्रयोदशीला दुपारी घरी पोचले. पाणीसुद्धा प्यायले नाही, सरळ बटर पेपर घेऊन मागच्या खोलीत गेले.

कणगी गुळगुळीत होती. हिरवट, ओलसर. ताज्या शेणाचा वास येत होता.

बाजूला प्रतीक्षा उभी. बांगड्या वर सारलेल्या, कोपरापर्यंत शेण, आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू.

“ताई, बघा तरी! जमलं ना? व्हिडिओ बघून शिकले. आत्याबाई म्हणत होत्या, शहापूरची ब्लॉकमधली पोर, शेणात हात घालील काय... म्हटलं दाखवतेच.”

दिवाळीच्या आधी कणगी सारवणं ही कुठल्याही घरात शहाण्या सुनेची खूण. आमच्या घरात तेवढी ती करायची नव्हती, आणि ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. महेशला वाटलं आत्याने सांगितलं असेल. आत्याला वाटलं महेशने. मला वाटलं, घरात राहते तर माहीतच असेल. आईबद्दल आमच्याकडे फारसं बोलायचंच नाही असं होऊन बसलं होतं, त्यात ही गोष्ट राहून गेली.

मागून आत्या आली आणि तिने कपाळावर हात मारला. “अगो बाय... ह्या काय केलास गो? वयनीचा हात व्हता तो!”

प्रतीक्षाला कळायला क्षणभर लागला. मग तिने स्वतःच्या शेणाने भरलेल्या हातांकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

बाबा संध्याकाळी शेतावरून आले. कोणी काही सांगायच्या आधीच त्यांना वास आला असावा. आत गेले. कणगीवर जिथे तो हात होता तिथे आपला पंजा ठेवून उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाहेर येऊन महेशला एवढंच म्हणाले, “भात खळ्यावर पडलंय, मी तिकडं झोपतो.” आणि घोंगडी घेऊन निघून गेले.

पुढचे दिवस कसले आलेत दिवाळीचे! बाबा जेवायला यायचे, पण ताट आत्याने वाढलं तरच बसायचे. प्रतीक्षा समोर आली की नजर जमिनीकडे. रागावले होते असं नाही म्हणणार मी... त्यांचं काहीतरी गेलं होतं आणि ते कुणाकडे मागायचं हे त्यांना कळत नव्हतं. पण त्या पोरीला ते कसं कळावं? अभ्यंगस्नानाला तिने उटणं लावायला वाटी पुढे केली तर बाबा उठून गेले. ती न्हाणीघरात जाऊन रडली. मी महेशला झापलं, तर तो म्हणतो, “मी काय करू ताई? तिच्याकडून बोललो तर बाबा दुखावतात, बाबांकडून बोललो तर ती.” घ्या!

पाडव्यानंतर दोघं दिवाळसणाला तिच्या माहेरी, शहापूरला जायची होती. प्रतीक्षाने बॅग भरली ती चार दिवसांची नव्हती. स्वेटरसुद्धा भरला होता. मी विचारलं तर म्हणाली, “ताई, मला नाय वाटत मी लवकर येईन. रोज त्यांच्यासमोर हे हात घेऊन कशी उभी राहू?” आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. आई गेल्यावर हे घर कसंबसं पुन्हा उभं राहिलं होतं ते या पोरीमुळे. ही गेली की बाबा आणि महेश दोन खांबांसारखे दोन बाजूंना उभे राहणार, मधे छप्पर नाही.

मी हट्टी आहे. पाडव्याला सकाळी जाहीर केलं — अल्बम होणार म्हणजे होणार, सगळ्यांनी अंगणात या. तांदूळ भिजवून वाटले, पाणी गाळून परातीत घेतलं. खाटेवर स्वच्छ चादर टाकली, पानं एकेक करून पिशवीतून काढली. लख्ख ऊन होतं, अकरा-साडेअकराची वेळ. अंधार नाही, अमावस्या नाही, कुत्री रडत नव्हती. हे मुद्दाम सांगतेय.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. पातळ पीठ ओलं असताना गेरूवर जेमतेम दिसतं. नुसता ओलावा वाटतो. ऊन लागून वाळत आलं की मग पांढरं शुभ्र वर येतं. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा.

आत्याने हात उठवला. महेशने. मी माझा. बाबांना मी खळ्यावरून ओढून आणलं होतं. आले, न बोलता परातीत हात बुडवून दाबला आणि ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले. आईचं पान मी कोरंच बाजूला ठेवलं. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

“प्रतीक्षा, ये.”

ती दारातूनच म्हणाली, “माझा नको, ताई. ज्या हाताने पुसलं तो हात त्या अल्बममध्ये नको.”

बाबांनी ऐकलं. मान वर केली नाही.

आत्या डोळे पुसत म्हणाली, “अगो, पयली दिवाली तुझी. चल, मी देतो जोड. सासू नाय तर आतसासू.”

आणि इतक्या दिवसांत बाबा पहिल्यांदा बोलले. “नको. जोड सासूचीच आसते.”

तेवढंच. प्रतीक्षाचा चेहरा पांढराफटक. मला इतका राग आला की मी गेले, तिच्या दंडाला धरून खाटेपाशी आणली आणि तिचं पान समोर ठेवलं. म्हटलं, “नसली जोड तर नसली. एकटा हात काय वाईट असतो? दे तू.” वारं सुटलं होतं, कागद उडत होता, म्हणून मी दोन्ही हातांनी त्याचे दोन कोपरे दाबून धरले. प्रतीक्षाने उजवा हात बुडवला आणि पानाच्या उजव्या बाजूला ठेवला. दाबला. उचलला. एकदाच. मी हातभर अंतरावरून बघत होते, माझी नजर पानावरच होती.

मग पान उन्हात ठेवलं आणि आत्याने चहा आणला. आम्ही तिथेच बसलो, खाटेच्या भोवती. पानाजवळून कोणी उठलं नाही, कोणी आलं नाही. कपातला चहा संपेपर्यंत आधीची पानं वाळून पांढरी झाली होती. आत्या आपल्या हाताकडे बघून म्हणाली, “माझा पंजा बघ, जसा काय बोक्याचा.” महेश हसला. जरा बरं वाटलं.

मग प्रतीक्षाचं पान वाळायला लागलं. आधी तिचा हात आला, लहानसा, लांब बोटांचा. आणि त्याच्या डावीकडे...

आत्याचा कप खाली ठेवताना कलंडला. “बाय माझे,” ती म्हणाली. “त्या बघ. त्या बघ गो.”

डावीकडे आणखी एक हात वर येत होता. हळूहळू, कडेकडेने, जसं वाळेल तसा. रुंद तळवा. चार बोटं. आणि तळव्याजवळ एक टिंब.

मी उठले, पान हातात घेतलं, उन्हाकडे धरलं, नखाने कडेला खरवडलं. पीठच होतं, तेच, प्रतीक्षाच्या ठशाइतकंच ओलं. आधीच कोणी ठसा देऊन ठेवला असता तर तो कधीच वाळून पांढरा दिसला असता. मी पान पिशवीतून काढलं तेव्हा ते वीटकरी कोरं होतं. मी काढलं होतं, माझ्या हाताने.

बाबा पायरीवरून उठले. माझ्या हातातलं पान घेतलं नाही, नुसते वाकून बघत राहिले. मग त्यांनी आपलं बोट त्या टिंबापाशी नेलं, पण लावलं नाही.

“आली गो,” ते म्हणाले. कुणाला, कोण जाणे. मग खाटेवर बसले, चेहरा पुसला आणि प्रतीक्षाकडे बघून म्हणाले, “सूनबाय, जरा पानी आन. घसा सुकला.”

ती धावत गेली. तांब्या आणताना निम्मं पाणी अंगणात सांडलं. बाबांनी तिच्या हातून तांब्या घेतला आणि घटाघट प्यायले. मी तोंड फिरवून रडले, खोटं कशाला सांगू.

नंतर मी माझं काम केलंच. पुराव्याची बाई ना! सगळ्यांना करंगळी आत वळवून कोऱ्या कागदावर ठसे द्यायला लावले. टिंब कुणालाच जमेना, बोटाचं पेर टेकतं आणि फरफटल्यासारखी रेघ येते. तळवा आमच्यात एवढा रुंद कुणाचाच नाही, बाबांचा आहे, पण त्यांची बोटं लांब. माझ्या मोबाइलमध्ये एक जुना फोटो आहे, महेश नवा फोन दाखवतोय आणि त्याच्या खांद्यामागे अर्धी कणगी. तो मोठा करून ताडून बघितला. जेवढा भाग दिसतो तेवढा जुळतो. लॅबमधल्या मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, डिंक एकसारखा लागला नसेल, त्याचा डाग उमटला असेल. असेल. पण डागाला चार बोटं? आणि करंगळी वाकडी?

हे सगळं मी पचवलं असतं. पण त्याच दुपारी स्वयंपाकघरात प्रतीक्षा भांडी लावता लावता म्हणाली, “ताई, बरं झालं तुम्ही माझं मनगट दाबून धरलंत. माझा हात इतका थरथरत होता, नीट उमटलाच नसता.”

माझे दोन्ही हात कागदाच्या कोपऱ्यांवर होते.

दिवाळसणाला दोघं गेली आणि चार दिवसांनी परत आली. स्वेटरची घडीसुद्धा न मोडता. बाबांनी त्या वर्षीचं भात गोण्यांत न भरता कणगीत भरलं, आणि प्रतीक्षाला म्हणाले, “या वर्षी हात पानावर झाला. पुढच्या वर्षी कनगीवर द्यायचा.” आईचं पान अल्बममध्ये कोरंच आहे. मी विचारलं होतं काहीतरी चिकटवू का म्हणून. बाबा म्हणाले, राहू दे.

या वर्षीची दिवाळी आत्ताच झाली. धनत्रयोदशीला मी पोचले तेव्हा बाबा स्वतः घमेल्यात शेण घेऊन मागच्या खोलीत चालले होते, आणि प्रतीक्षा दारात अडखळत उभी. कणगीवर आता पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी तिचा हात पुढे होईना. बाबांनी घमेलं खाली ठेवलं. “सारव गो,” ते म्हणाले. “सारवल्याने काय जात नाय.”

पाडव्याला तिने कणगीवर हात उठवला. मी कणगीसमोर पाटावर बसून राहिले. आत्या जेवायला हाक मारत होती, मी उठले नाही. मागच्या खोलीत ऊन येत नाही, वाळायला वेळ लागतो. प्रतीक्षाच्या हाताच्या डावीकडची जागा मी बघत होते. हसू नका — वाळेपर्यंत बघत होते.

एकच हात आला.

बाबा कधी येऊन मागे उभे राहिले होते मला कळलं नाही. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. “जोड एकदाच देतात गो बाय,” ते म्हणाले. “आता तिची ती हाय. चल, जेव.”

अल्बम माझ्याकडे शहापूरला आहे. ते पान अजून तसंच आहे, दोन्ही हात शाबूत. लॅबमध्ये एखादा रिपोर्ट समजला नाही की आम्ही लिहितो, सॅम्पल पुन्हा पाठवा. हे सॅम्पल पुन्हा येणार नाही, ते मला त्या दिवशी पाटावर बसल्या बसल्या कळलं. बाकी काय झालं, कसं झालं... मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. मी आता हसणार नाही.